टिकाऊ धंद्याचे माप कुंपणाबाहेर

पावसाळा उतरणीला लागला की कंपन्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांचे दिवस येतात. पूर्वी ज्यांच्या घरी चार शेअर असत, त्यांच्या दारात पोस्टमन जाडजूड अहवाल टाकून जाई आणि बहुतेक घरांत तो न उघडताच रद्दीत जमा होई. आता तो ई-मेलने येतो, त्यामुळे रद्दीचेही पैसे मिळत नाहीत. तरीही हा अहवाल एकदा तरी उघडून पाहावा, असे मी सुचवेन. नफा-तोट्याच्या पत्रकांशेजारी त्यात हल्ली एक नवा भाग असतो. कंपनीने वर्षभरात किती वीज जाळली, किती पाणी उपसले, किती कचरा केला, किती स्त्रियांना नोकरी दिली, कामावर किती अपघात झाले, याची ती जंत्री असते. पाने हिरवीगार असतात आणि पुष्कळदा त्यांवर वारली चित्रेही काढलेली असतात. मधोमध तारपावाला आणि त्याच्याभोवती फेर धरलेली काटकुळी माणसे.

त्या चित्रातली माणसे ज्या मुलखातली आहेत, तिथे बसून हा अहवाल वाचला तर कसा दिसेल? मला या लेखात हेच करून पाहायचे आहे. त्यासाठी मी साखरशेत हे नाव घेतो. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यातले हे गाव. नावात साखर आहे, शेतही आहे. पण जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारावर उसाचे मळे नाहीत. इथे पिकते ती नागली, वरई, उडीद आणि पावसाच्या भरवशावरचा भात. वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात पाड्यापाड्यांवर पाण्याचा टँकर येतो. नाव आणि वस्तुस्थिती यांच्यातले अंतर ज्या भागाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे, त्या भागाला 'शाश्वत' या शब्दाची परीक्षा घेण्याचा अधिकार इतरांपेक्षा थोडा जास्तच असावा.

मोजदाद आली कुठून?

'शाश्वत विकास' हा शब्दप्रयोग जगभर रुळला तो १९८७ मध्ये. नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील जागतिक आयोगाने त्या वर्षी आपला अहवाल दिला. आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांची आपल्या गरजा भागवण्याची ताकद खर्च करून टाकू नये, असा त्याचा थोडक्यात आशय. कोणत्याही आजीला हे नवे वाटणार नाही. बियाण्याची कणगी भुकेच्या दिवसांतही फोडायची नाही, हे तिने पाळलेच होते. पण आजीच्या शहाणपणाला पत्रक नसते आणि व्यवसायाला पत्रकावाचून करमत नाही.

ते पत्रक १९९४ मध्ये जॉन एल्किंग्टन या ब्रिटिश सल्लागाराने सुचवले. धंद्याची खाती एक नव्हे, तीन ठेवा, असे त्याचे म्हणणे होते. एक नफ्याचे, दुसरे माणसांचे आणि तिसरे पृथ्वीचे. कल्पना जगभर उचलली गेली. गंमत अशी की पंचवीस वर्षे होत आली तेव्हा, २०१८ मध्ये, याच एल्किंग्टनने ती जाहीरपणे परत मागितली. एखादी मोटार कंपनी सदोष गाड्या परत बोलावते, तशी. व्यवस्था बदलावी म्हणून आपण हे सुचवले आणि लोकांनी त्याचे नुसते हिशेबाचे साधन करून टाकले, ही त्याची खंत होती.

आपल्याकडे 'सेबी'ने २०१२ मध्ये सर्वांत मोठ्या १०० नोंदणीकृत कंपन्यांपासून सुरुवात केली. २०२१ मध्ये नवा, अधिक बारकाईचा नमुना आला आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांना तो सक्तीचा झाला. २०२३ मध्ये त्यातल्या मुख्य आकड्यांची बाहेरच्या तपासनिसाकडून खातरजमा करण्याचा नियम झाला. तो आधी १५० कंपन्यांना लागू झाला आणि मग टप्प्याटप्प्याने इतरांना. ही प्रगती खरी आहे. ज्या देशात कारखान्याने नदीत काय सोडले हे नदीकाठच्या लोकांना मासे मेल्यावरच कळत असे, तिथे कंपनीने स्वतःच्या सहीने पाण्याचा आकडा छापावा, ही लहान गोष्ट नाही. तेव्हा या अहवालांची टवाळी करण्याचा माझा हेतू नाही. ते कसे वाचावेत, एवढाच प्रश्न आहे.

एकच उत्तरपत्रिका, सहा परीक्षक

हे आकडे वाचून कंपन्यांना गुण देणाऱ्या संस्था आता जगभर आहेत. त्या गुणांवर लाखो कोटींची गुंतवणूक इकडची तिकडे होते. मग हे गुण एकमेकांशी जुळतात का? अमेरिकेतील एमआयटीशी संबंधित संशोधकांनी अशा सहा संस्थांचे गुण ताडून पाहिले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांच्यातला सहसंबंध सरासरी ०.५४ निघाला. पूर्ण एकमत म्हणजे १. कर्ज फेडण्याची पत ठरवणाऱ्या संस्थांचे आपापसांत ०.९२ च्या वर जुळते. म्हणजे कंपनी कर्ज बुडवील का, याबद्दल परीक्षकांचे जवळजवळ एकमत असते. ती चांगली वागते का, याबद्दल एकाचे पहिल्या वर्गाचे गुण तर दुसऱ्याचे जेमतेम काठावरचे.

फोक्सवॅगनचे उदाहरण सर्वांना आठवत असेल. डाऊ जोन्सच्या शाश्वतता निर्देशांकाने सप्टेंबर २०१५ मध्ये या कंपनीला मोटार उद्योगात अव्वल ठरवले. त्याच महिन्यात तिच्या डिझेल गाड्यांमध्ये प्रदूषणाची चाचणी ओळखून धूर कमी दाखवणारी प्रणाली बसवल्याचे उघड झाले. पुढच्या महिन्यात कंपनीचे नाव निर्देशांकातून काढावे लागले.

पण लबाडी हा माझा विषय नाही. लबाडी आज ना उद्या उघड होते. माझा विषय खऱ्या आकड्यांचा आहे. आकडा पूर्ण खरा असूनही तो दिशाभूल कशी करू शकतो, याचे एक सोपे उदाहरण घेऊ. समजा, एका कारखान्याने गेल्या वर्षी १०० लाख लिटर पाणी वापरले आणि १० कोटींचा माल विकला. म्हणजे दर कोटीमागे १० लाख लिटर. यंदा त्याने १२० लाख लिटर पाणी वापरले आणि भाव वाढल्यामुळे विक्री १५ कोटींची झाली. आता दर कोटीमागे ८ लाख लिटर. अहवालात ठळक अक्षरांत छापून येईल, 'पाण्याच्या वापरात २० टक्के सुधारणा'. नदीला विचारा. तिच्यातून २० टक्के पाणी जास्त गेले आहे. दोन्ही वीस टक्के खरेच आहेत. फरक एवढाच, की कंपनीने रुपयाने भागले आणि नदीला रुपयाने भागता येत नाही.

वीटभट्टीचा हिशेब

आता जव्हार-मोखाड्याकडे येऊ. दिवाळी आटोपली, खळ्यावरचे भात घरात आले की या तालुक्यांतली कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात. भिवंडी, कल्याण, वसई, वाडा या भागांतल्या वीटभट्ट्यांवर. शिमग्याला चार दिवस घरी येऊन जातात आणि पावसाच्या तोंडावर कायमची परततात. बहुतेकांनी मालकाकडून आधीच पैसे घेतलेले असतात. या भागात त्याला 'बयाणा' म्हणतात. लग्न, आजारपण, पावसाळ्यातली चणचण, कारण काहीही असो, पैसे हातात येतात ते पुढच्या सहा महिन्यांच्या श्रमांवर. भट्टीवर दर आठवड्याला पोटापुरती 'खर्ची' मिळते. हंगाम संपला की हजार विटांच्या दराने हिशेब होतो. त्यातून बयाणा वजा होतो, खर्ची वजा होते. उरले तर हातात मिळते; अंगावर बाकी राहिली तर पुढच्या दिवाळीनंतर त्याच भट्टीवर जावे लागते. चिखल नवरा-बायको दोघे तुडवतात, पोरे विटा उलथवतात; खाते मात्र पुरुषाच्या एकट्याच्या नावावर असते.

सगळे मालक वाईट असतात असे मी म्हणत नाही. अडीनडीला बँक दारात उभी करत नाही, तेव्हा तो मालकच पैसे देतो, हेही खरे आहे. पण व्यवसाय म्हणून या भट्टीकडे पाहा. ती दरवर्षी पेटते. तिला मजूर कधी कमी पडत नाहीत. मागणी असते, भांडवल फिरते, कर्ज बुडत नाही. टिकाऊपणाचा अर्थ 'टिकून राहणे' एवढाच घेतला तर वीटभट्टीइतका टिकाऊ धंदा शोधून सापडणार नाही. आणि ती टिकते, कारण गावाची अडचण टिकते. ज्या वर्षी पाड्यावर दिवाळीनंतर खायला आणि करायला पुरेसे असेल, त्या वर्षी या दराने चिखल तुडवायला कोणी येणार नाही. एका धंद्याचा टिकाऊपणा असा दुसऱ्याच्या न टिकण्यावर उभा असतो.

हा खर्च नाहीसा होत नाही, तो दुसऱ्याच्या खात्यावर चढतो. आई-बाप भट्टीवर गेले की पोरांची शाळा सुटते. नव्वदच्या दशकात 'विधायक संसद' या संस्थेने ठाणे जिल्ह्यात भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे विटा रचून वर पेंढा टाकलेले मजुराचे खोपटे. मुलांच्या शिक्षणाचा तो खर्च विटेच्या किमतीत धरलेला नव्हता, म्हणून कोणाला तरी उचलावा लागला. गरोदर बाई भट्टीवर गेली की गावच्या अंगणवाडीतले तिचे नाव नुसते पटावर राहते; बाळाचे वजन घेण्याच्या दिवशी बाळ गावात नसते. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. पुढे १९९५ मध्ये सरकारला आदिवासी भागासाठी 'नवसंजीवन' योजना आणावी लागली. स्थलांतर हे कुपोषणाचे एकमेव कारण नाही. परंतु सहा महिने उघड्यावर काढणाऱ्या कुटुंबाच्या आरोग्याचा जो भुर्दंड पडतो, तो भट्टीच्या वहीत कधीच लिहिला जात नाही. तो प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रजिस्टरमध्ये उतरतो.

दोन टक्क्यांच्या आतले आणि बाहेरचे

या विटा मोठ्या कंपन्यांच्या इमारतींत गेल्या, तर अहवालात त्यांचा माग लागेल का? नमुना करणाऱ्यांनी हा विचार केलेला आहे. कंपनीने स्वतःपुरते न पाहता आपल्याला माल पुरवणाऱ्यांचीही माहिती द्यावी, असे 'सेबी'ने सुचवले. मात्र त्याला मर्यादा घातली. मार्च २०२५ मध्ये जे शिथिल स्वरूप ठरले, त्यात एकूण खरेदीच्या किंवा विक्रीच्या किमान दोन टक्के व्यवहार ज्याच्याशी आहे, तोच पुरवठादार मोजायचा. शिवाय पहिल्या २५० कंपन्यांनी ही माहिती स्वेच्छेने द्यायची. प्रत्येक खिळ्याचा हिशेब मागू नये, ही त्यामागची व्यवहारी बाजू मला समजते. पण एखाद्या बड्या कंपनीच्या खरेदीत भिवंडीची एक वीटभट्टी दोन टक्के कधी भरणार? ती कायम कुंपणाबाहेरच राहणार. जिथे माणसे सर्वांत अडचणीत असतात, ते पुरवठादार जवळजवळ नेहमीच लहान असतात.

दोन टक्क्यांचा आकडा आपल्या कायद्यात आणखी एका ठिकाणी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले आणि १ एप्रिल २०१४ पासून ते अमलात आले. त्यातून शाळांना संगणक मिळाले, पाड्यांवर पाण्याच्या टाक्या आल्या. चांगलेच झाले. पण वाचकांनी एक लक्षात ठेवावे. हे दोन टक्के कंपनीने काय दिले ते सांगतात. टिकाऊपणाचा प्रश्न उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे मिळवले, हा आहे.

हिशेबातला हा पेच एकट्या विटांचा नाही. ज्या साखरेचे नाव आमच्या गावाला नुसते चिकटले आहे, ती जिथे खरोखर पिकते तिथेही तेच. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाला 'उचल' मिळते आणि नवरा-बायकोच्या जोडीला मिळून मुकादमाच्या वहीत 'एक कोयता' म्हणतात. साखर कारखाना उसातला साखरेचा उतारा दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत मोजतो, आणि दोन माणसे मात्र एक म्हणून मोजली जातात. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातले जे सर्वेक्षण आले, त्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये काढली गेल्याचे दिसले. मार्च २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने महाराष्ट्राच्या या उसाचा माग जगप्रसिद्ध शीतपेय कंपन्यांच्या साखरेपर्यंत लावला, तेव्हा परदेशातल्या वाचकांना धक्का बसला. आपल्याकडे बीडच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत आधीच येऊन गेल्या होत्या. उणीव माहितीची नव्हती. ती माहिती कोणत्याच कंपनीच्या ताळेबंदाची ओळ झालेली नव्हती.

पाणी कोणत्या गावचे?

आता पाण्याकडे पाहू. मुंबईला दररोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी मिळते. त्यातला मोठा वाटा वैतरणा खोऱ्याचा. मोखाडा आणि शहापूर तालुक्यांच्या हद्दीवरचे मध्य वैतरणा धरण २०१४ मध्ये पूर्ण झाले आणि दिवसाला ४५.५ कोटी लिटर पाण्याची भर पडली. मुंबईला पाणी लागतेच. दीड कोटीच्या आसपास माणसांच्या तहानेवर टीका करण्यात अर्थ नाही. प्रश्न नोंदीचा आहे. मुंबईत कचेरी असलेली कंपनी आपल्या अहवालात महापालिकेचे पाणी 'इतरांकडून घेतलेले' या रकान्यात लिहिते. टंचाईच्या भागातून पाणी घेता का, असाही एक प्रश्न नमुन्यात आहे. पण टंचाई पाहायची ती कंपनीची इमारत जिथे आहे तिथली. पाणी ज्या डोंगरातून निघाले तिथल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकर येतो की नाही, हे त्या रकान्यात मावत नाही. उत्तर खरे, प्रश्नच अपुरा.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग लाल वीटच बंद करा. तेही चालू आहे. शेतातली वरची सुपीक माती वाचावी आणि औष्णिक वीज केंद्रांची राख वापरात यावी, म्हणून केंद्र सरकारने १९९९ मध्ये अधिसूचना काढली. वीज केंद्रापासून ठराविक अंतराच्या आत राखेचा वापर बंधनकारक झाला आणि पुढे ते अंतर वाढवत नेले. शहरातल्या टोलेजंग इमारतींत आता हलके, करड्या रंगाचे ठोकळे दिसतात. माती वाचते, हे चांगले आहे. इमारतीला 'हरित' प्रमाणपत्र मिळायलाही मदत होते. पण ज्यांचे सहा महिने भट्टीवर जात, त्यांनी आता कुठे जायचे? वीट थापताना त्यांची नोंद झाली नव्हती, वीट बंद होताना तरी कुठे होणार?

वाडीचे माप

मग टिकाऊ व्यवसाय असतो तरी कसा? त्याचे उत्तरही याच डोंगरउतारावर शोधता येते. मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला स्थापन केलेल्या 'बायफ' संस्थेने १९८२ मध्ये गुजरातमधल्या वांसदा भागात आदिवासी कुटुंबांबरोबर 'वाडी'चा प्रयोग सुरू केला. नंतर तो जव्हार भागातही आला. कल्पना साधी. एक एकर उतारावर आंबा-काजूची कलमे लावायची, कडेने जंगली झाडांचे कुंपण करायचे, मधल्या जागेत आपली नेहमीची पिके आणि भाजी, आणि पावसाचे पाणी अडवण्यासाठी चर खणायचे. पुढे 'नाबार्ड'ने २००३-०४ मध्ये आदिवासी विकास निधी उभारला आणि ही पद्धत देशभर नेली. अलीकडे जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागांतल्या अनेक कुटुंबांनी मोगरा धरला आहे. पहाट होण्याआधी कळ्या खुडायच्या आणि त्या दादरच्या फुलबाजारात पोहोचवायच्या.

यावर खूश होऊन गुण देऊन टाकण्याची घाई नको. भट्टीला लावलेली फूटपट्टी वाडीलाही लावली पाहिजे. पहिल्या वर्षी 'इतकी लाख कलमे लावली' हा आकडा सहज छापता येतो. खरा आकडा पाचव्या-सहाव्या वर्षी किती झाडे उभी आहेत, हा आहे. आंब्याला फळ धरायला चार-पाच वर्षे लागतात. तोवरचे उन्हाळे कलमांना हंड्याने पाणी घालायला घरात कोणीतरी असावे लागते, आणि घरात राहायचे तर तेवढ्या दिवसांत पोटाला काय, हा प्रश्न सुटलेला असावा लागतो. मोगऱ्याला नेमके उन्हाळ्यातच पाणी हवे. सगळ्यांचा मोगरा एकदम फुलला की दादरचा भाव कोसळतो आणि कळी भावाची वाट पाहत थांबत नाही. म्हणजे हे व्यवसायही आपोआप टिकाऊ ठरत नाहीत. पाणी, मधला काळ आणि बाजार या तिन्ही ठिकाणी ते अडखळू शकतात.

पण त्यांच्यात आणि भट्टीत एक मूलभूत फरक आहे. वाडी नीट चालली तर कुटुंबाची अडचण कमी होते. भट्टी नीट चालण्यासाठी ती अडचण तशीच राहावी लागते. हा फरक कोणत्या आकड्याने मोजायचा? माझ्या मते त्यासाठी परदेशी पद्धत लागत नाही. दिवाळीनंतर पाड्यावर किती घरांची दारे बंद होतात, ते मोजावे. आणि बाहेर पडलेल्यांपैकी किती जण बयाणा घेऊन गेले, तेही मोजावे. कारण गाव सोडणे म्हणजे दुर्दैवच, असे नाही. शिकलेली मुले बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत स्वतःच्या मर्जीने जातात आणि जावीतही. कर्जाच्या दोरीने ओढले जाणे वेगळे आणि आपल्या पायांनी चालत जाणे वेगळे. बंद दारे आणि बयाणा, हे दोन आकडे दर वर्षी खाली येत असतील तर त्या भागातला व्यवसाय टिकाऊ आहे, मग त्याच्या अहवालाचा कागद कोणत्याही रंगाचा असो.

माप मागण्याची परंपरा या जिल्ह्याला नवी नाही. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर डहाणू-तलासरी-उंबरगावचे वारली उभे राहिले ते वेठबिगारीविरुद्ध. त्यांची एक मागणी अगदी हिशेबी होती. ५०० पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मजुरी. गवताचा आणि लाकडाचा व्यापार तेव्हाही उत्तम चालला होता आणि सावकारांच्या वह्या बिनचूक होत्या. ज्यांच्या श्रमांवर त्या वह्या भरत होत्या, त्यांनी प्रथमच वजनकाटा आपल्या बाजूने धरून पाहिला. व्यवसायाचा टिकाऊपणा मोजण्याची मराठी मुलखातली ही एक जुनी पद्धत समजायला हरकत नाही.

आपण काय विचारावे?

रविवारी हे पान वाचणाऱ्या बहुतेकांना वाटेल की कंपन्यांच्या अहवालांशी आपला काय संबंध? संबंध आहे. तुमच्या म्युच्युअल फंडाच्या दरमहा हप्त्यातून, विम्याच्या पैशातून, भविष्य निर्वाह निधीतून आपण सगळे या कंपन्यांचे लहानसे भागीदार आहोत. तुमच्या सोसायटीचा पुनर्विकास होतो, तेव्हा त्या भिंतींचे तर आपण सरळ मालकच. भागीदाराला प्रश्न विचारण्याचा हक्क असतो. त्यासाठी अहवालाची सगळी पाने वाचावी लागत नाहीत. तीन प्रश्न पुरतात.

पहिला, कुंपण कुठे घातले? अहवालात कोण मोजले गेले आणि कोण दोन टक्क्यांच्या बाहेर राहिले? दुसरा, भागले कशाने? सुधारणा रुपयामागे झाली की नदीच्या पाण्यात आणि मातीतही ती दिसते? तिसरा, मोजले कोणी आणि किती वर्षे? कलमे लावण्याच्या दिवशी मोजणारा पाचव्या उन्हाळ्यात परत आला होता का, आणि ज्यांच्याबद्दल तो लिहितो त्यांना त्याने काही विचारले होते का?

या तीन प्रश्नांची उत्तरे देणे कंपन्यांना अशक्य नाही. जी कंपनी विटेच्या दर्जाची चाचणी घेऊ शकते, ती ठेकेदाराला करारातच विचारू शकते की मजुरांचा हिशेब आठवड्याला होतो का, बाईच्या श्रमांचे पैसे तिच्या खात्यात जातात का, कोणाच्या अंगावर बयाणा आहे का. यासाठी नवा कायदा लागत नाही. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ पासून आहेच. असे विचारल्याने वीट कदाचित थोडी महाग होईल. ती महाग होईल याचा अर्थ आजवर ती स्वस्त नव्हती. तिची उरलेली किंमत दुसरे कोणी भरत होते.

येत्या दिवाळीनंतरही जव्हार-मोखाड्यातून मजुरांनी भरलेले टेम्पो खाली उतरतील. त्यांत भांडीकुंडी असतील, कोंबड्या असतील, शाळेचे दप्तर घरीच ठेवून निघालेली पोरे असतील. त्याच सुमारास शहरात कुठल्या तरी कंपनीला शाश्वततेचा पुरस्कारही मिळेल, आणि कदाचित तो तिने प्रामाणिकपणे कमावलेला असेल. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आहे की नाही, हे सांगणारा रकाना अजून कोणत्याही नमुन्यात नाही. तो घालून घेणे हे आपल्यासारख्या लहान भागीदारांचे काम आहे.